खाणीच्या तोंडाशी घेतलेलं नाव

श्रीपादराव चितारी म्हणजे ठाण्याच्या मंडळींचा लाडका माणूस. नाटकाचा पडदा असो, कुणाच्या दिवाणखान्यातली भिंत असो, नाहीतर मुंजीचा मांडव असो, श्रीपादरावांना बोलवा हे ठरलेलंच. डोक्याला चापून बसवलेली पगडी, अंगात पांढराशुभ्र अंगरखा आणि बोटांना कसला ना कसला रंग लागलेला. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वारी पुण्याच्या पाण्यावर वाढलेली दिसते. आणि या माणसाचं जन्मनाव काय होतं म्हणाल, तर पोपट.

हसू नका. पोरगा होताही तसाच, दिसेल ते हुबेहूब करून दाखवणारा. बाप महिपत, जातीचा पाथरवट. आगगाडीचं काम निघालं तेव्हा जुन्नरच्या बाजूने घाट उतरून आला, मुंब्र्याच्या डोंगरात खाणीत लागला आणि काम संपल्यावर मानपाड्याला खोपटं बांधून राहिला. बायको लवकर गेली. पोपट मिसरूडही न फुटलेला असताना कल्याणला एक नाटकमंडळी उतरली. तिच्या पडद्यांपुढे हा जो उभा राहिला, तो मंडळी हलली तेव्हा तिच्या गाड्यांमागून निघूनच गेला. मंडळीचे चितारी त्र्यंबकबुवा. एकटा जीव, मूलबाळ नाही. त्यांनी याला आधी रंग खलायला ठेवलं, मग हातात कुंचला दिला, आणि 'पोपट हे काय नाव झालं' म्हणून श्रीपाद करून टाकला. पुष्कळ वर्षांनी बुवा वारले आणि श्रीपाद ठाण्याला परत आला. लोकांनी विचारलं, बुवांचे चिरंजीव का आपण? श्रीपाद नुसता हसला. लोकांनी त्या हसण्याचा अर्थ 'होय' असा घेतला, आणि या शहाण्याने तो घेऊ दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकून ठेवायची म्हणजे हात कायमचा अडकला, हे कुणी सांगत नाही.

बापाला तो विसरला होता असं मात्र नाही हो. अधूनमधून बाजाराच्या दिवशी, वाटेवर गर्दी असताना, मानपाड्याला जाऊन येई. तंबाखू नेई, गूळ नेई, थंडीत घोंगडं नेलं होतं. बाप त्याला खाटेवर बसवी आणि स्वतः उंबऱ्यात बसे. एकदा म्हातारा भीतभीत म्हणाला होता, "तुजं ते पडदं बघाया येऊ का रं येकदा ठाण्याला?" श्रीपाद म्हणाला, "आत्ता कामाची गडबड आहे, पुढे बघू." म्हाताऱ्याने पुन्हा विषय काढला नाही. परतीच्या वाटेवर श्रीपादला आपलीच शिसारी आली होती. ती दोन दिवस टिकली, आणि मग कुणाच्या तरी लग्नाचं मखर करायचं होतं.

अशात विलायतेच्या राणीसाहेबांच्या राज्याला पन्नास वर्षं झाली. गावोगाव कमानी, पताका, दिव्यांच्या आराशी. ठाण्याच्या उत्सवमंडळाचे पुढारी होते आनंदराव वकील, मोठ्या हौसेचा माणूस. डोक्यात एक घेतलं की ते होईपर्यंत स्वतः झोपायचे नाहीत आणि दुसऱ्याला झोपू द्यायचे नाहीत. ते म्हणाले, "कमानी काय, गल्लीतली पोरंही बांधतात. आपण मुंब्र्याची ती बंद पडलेली खाण उघडू. तिथल्या दगडाचा खाडीवर पूल झाला, पुलावरून गाडी आली, गाडीमागून सगळं आलं. तो दगड कुठून निघाला ते लोकांना डोंगराच्या पोटात नेऊन दाखवू. श्रीपादराव, असा देखावा करा की माणूस आत गेला की त्याला वाटावं, आपणच खाणीत कामाला आलोय."

 त्याच खाणीच्या तोंडाशी बापाची फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन श्रीपाद लहानपणी किती वेळ उभा राहिला होता. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं. तो म्हणाला, "करू की."

आणि एकदा काम हातात आल्यावर त्यातला चितारी जागा झाला, हेही खरं. ही खाण उघड्यावरची नव्हती. डोंगराच्या वरच्या थराचा दगड ठिसूळ होता, म्हणून चांगल्या दगडाच्या मागे लागून माणसं आत आत पोखरत गेली होती. तोंडातून वाकत जावं लागे, मग लांबट बोळ, बोळाला एक वळण, आणि शेवटी देवळाच्या सभामंडपाएवढी पोकळी. एका अंगाला छप्पर कोसळून ढीग पडला होता. तिकडे कुणी जाऊ नये म्हणून श्रीपादने भिंत घालून घेतली. त्याने ठरवलं की सुरुवातीला उजेड मुळीच ठेवायचा नाही. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे मिटल्यासारखे होऊ द्यायचे, हात भिंतीवर टेकू द्यायचा. मग वळणावर मलमलीचे पडदे, त्यांवर घण उचललेली माणसं रंगवलेली, आणि मागे घासलेटचे दिवे असे हलते ठेवायचे की माणसांचे खांदे हलल्यासारखे वाटावेत. पडद्याआडून पहारीचे आवाज. आणि पोकळीत शेवटच्या भिंतीवर एकच मोठा पडदा, खाडीवरचा पूल आणि त्यावरून जाणारी गाडी, मागून उजळलेली. अंधारातून, घणांतून, धुळीतून माणूस चालत यायचा आणि मग त्याला तो पूल दिसायचा. वकिलांना हे सांगताना श्रीपादचा आवाज थरथरत होता. चांगलं काम सुचलं की त्याचं तसं व्हायचं.

पोकळीच्या मधोमध एक पाथरवट दगड घडवत बसलेला हवा होता. श्रीपादने मातीचा पुतळा करायला घेतला. वकिलांनी तो पाहिला आणि नाक मुरडलं. "पुतळा कशाला? त्या वेळचा खरा माणूस आणून बसवू. मुंब्र्यात चौकशी केली मी. त्या टोळीतला एक म्हातारा अजून आहे, मानपाड्याला असतो म्हणे."

श्रीपादने पुष्कळ सांगून पाहिलं. म्हातारा माणूस, धूळ सोसायची नाही, पुतळाच शोभेल. वकील कसले ऐकतात. दुसऱ्याच दिवशी पट्टेवाल्याबरोबर खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून महिपत खाणीपाशी हजर झाला. वकिलांसोबत त्यांच्या पत्नी सुमतीबाईही काम पाहायला आल्या होत्या. वकील म्हणाले, "हे श्रीपादराव चितारी. हे सांगतील तसं करायचं बरं का, बाबा."

महिपतने वर पाहिलं. पगडी पाहिली, अंगरखा पाहिला, वकिलांकडे पाहिलं. श्रीपादने मनात म्हटलं, आता हा 'पोपट' म्हणणार, आता म्हणणार. म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"रामराम रावसाहेब. तुमी सांगाल तसं."

सुटलो, असं श्रीपादला आधी वाटलं. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याचीच त्याला एवढी लाज वाटली की त्याने मान वळवून, आत न्यायला ठेवलेल्या दिव्याची वात उगाच वर केली. बापाला एक नजर पुरली होती. कुणी न सांगता, न शिकवता, म्हातारा पोराच्या लबाडीत सामील झाला होता.

आत जाण्याआधी महिपत खाणीच्या तोंडाशी थांबला. तिथे कडेला शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याने वहाणा काढल्या, दगडावर हात ठेवला आणि अंधारात मोठ्याने म्हणाला, "राखणदारा, म्या महिपत, रामजीचा पोर. आत चाललोय. मोजून घे, मोजून भाईर धाड."

वकिलांचे डोळे चमकले. "हे काय, बाबा?"

"हितली रीत हाय साहेब. आमी घाटावरली, आमाला ठाव नव्हती. हितल्या आगऱ्यांनी शिकीवली. आत जानाऱ्यानं आपलं नाव सांगायचं आन बापाचं सांगायचं. म्हंजे राखणदाराला कळतं, कुनाला भाईर धाडायचं त्ये. नुसतं महिपत म्हनलं तर धा महिपत असत्यात."

"आणि एखाद्याने बापाचं नाव चुकीचं सांगितलं तर?" सुमतीबाईंनी हसून विचारलं.

महिपतला प्रश्नच कळेना. "चुकीचं कोन सांगंल बाईसाहेब? बापाचं नाव हाय."

श्रीपाद डोंगराकडे बघत राहिला. वकिलांनी मात्र मांडीवर थाप मारली. "श्रीपादराव, हाच आपला देखावा. येणाऱ्या प्रत्येकाने इथे नाव घ्यायचं, बापाचं घ्यायचं, आणि मगच आत."

"लोक हसतील."

"हसू देत. आत गेल्यावर हसणार नाहीत."

आता करणार काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि त्यात भर अशी की पुढचं सुचलं ते श्रीपादलाच. महिपत नाव घेत होता तेव्हा आत दिवे लावणाऱ्या गड्याला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं होतं. श्रीपादने दहा वेळा तपासलं. खाणीच्या तोंडाशी बोललेलं भिंतीच्या अंगाने वळण घेत थेट पोकळीत जात होतं. त्याने वळणावरच्या एका कोनाड्यात चुन्याचा गिलावा करून भिंतीचा बाक आणखी गुळगुळीत केला, मधले दोन पडदे हलवले. आता आतल्या माणसाला अंधारातून एकेक नाव येताना ऐकू येणार होतं, मी अमका, तमक्याचा मुलगा, मोजून घे. पोकळीत उभं राहून तो ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. एवढं सुंदर काम त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्या वेळी त्याच्या गावीही नव्हतं.

उद्घाटनाला ठाण्याहून खाडीतल्या मचव्यांतून आणि बैलगाड्यांतून मंडळी लोटली. सरकारी अंमलदार, व्यापारी, शिक्षक, जरीच्या टोप्या, उपरणी. भाषणं झाली. वकिलांनी श्रीपादचा हात धरून त्याला पुढे ओढलं. "ज्याने हे पाताळ उभं केलं, पहिला मान त्याचा. घ्या नाव, श्रीपादराव."

टाळ्या झाल्या. श्रीपाद खाणीच्या तोंडाशी उभा राहिला. आतून छिन्नीचा आवाज येत होता, ठक ठक ठक. बाप आत बसला होता. हळू बोलावं म्हटलं तरी उपयोग नव्हता, हळू बोललेलंही पोचावं अशीच व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने केली होती. पाठीमागे सगळं ठाणं, पुढे बाप. एक क्षण त्याच्या ओठांवर खरं नाव आलंही होतं. मग वकील हलकेच खाकरले.

"मी श्रीपाद, त्र्यंबकबुवा चिताऱ्यांचा मुलगा. आत चाललो आहे. मोजून घे, मोजून बाहेर धाड."

आतली ठकठक थांबली. लोकांना कळलं नाही, त्यांना वाटलं हाही देखाव्याचाच भाग. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू झाली.

माणसाला लाज वाटली की तो म्हणतो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. हा तर जमिनीच्या पोटातच चालला होता. आता आणखी कुठे तोंड लपवणार? आपणच रंगवलेल्या माणसांमधून, आपणच ठेवलेल्या दिव्यांमधून तो चालत गेला आणि पोकळीत आला. महिपत दिव्याखाली मान घालून दगड घडवत होता. मंडळी भोवती गोळा झाली. सुमतीबाईंना म्हाताऱ्याची माया वाटली असावी. त्यांनी विचारलं, "बाबा, घरी कोण कोण आहे?"

"येक पोरगा हाय बाईसाहेब."

"काय करतो?"

"लांब असतो. चांगलं करतो."

"येतो का कधी भेटायला?"

"येतो की. बाजाराच्या दिशी येतो."

एवढं बोलून त्याने तोंडावरची धूळ पुसली आणि श्रीपादकडे वर पाहिलं. रागाने नव्हे, कामाच्या माणसाने पाहावं तसं. "रावसाहेब, उजेडातनं जरा बाजूला व्हता का?"

श्रीपाद बाजूला झाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बापाने चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी तो जागचा हलला नसता. पण बापाचं हे अदबीचं 'व्हता का' त्याला त्याहून जड गेलं.

देखावा गाजला. ठाणं, कल्याण, भिवंडी, खाडीपलीकडची गावं, सगळीकडून माणसं येऊ लागली. श्रीपादला रोज खाणीच्या तोंडाशी उभं राहून लोकांना रीत सांगावी लागे, आणि लोक त्याच्यासमोर धडाधड आपापल्या बापांची नावं घेत. कोळी घेत, कुंभार घेत, कल्याणचे बोहरी घेत. दारूपायी घर विकलेल्या बापाचं नाव एकाने छाती पुढे काढून घेतलं. एकदा हौसाबाई म्हणून भाजी विकणारी एक बाई आली. दगडावर हात ठेवून ती म्हणाली, "म्या हौसा. बाप ठाऊक न्हाई. आयेचं नाव तुळसा, तेच घे." मागची टोळभैरव मंडळी खिदळली. बाईने वळून बघितलंसुद्धा नाही, ताठ मानेने आत गेली. श्रीपादने जमिनीवर पडलेली कसली तरी दोरी उचलून गुंडाळायला घेतली, आणि ती गुंडाळून झाली तरी त्याला मान वर करवेना.

उद्या बोलू, असं तो रोज ठरवी. महिपत खाणीजवळच्या छपरात राही. दोघं रोज बोलतही. "रावसाहेब, त्याल संपलं." "आणवतो." "रावसाहेब, पाव्हनं लई झालं, धूळ उडतीया." "पाणी मारायला सांगतो." एवढंच. चार माणसं नसतानाही म्हातारा 'रावसाहेब'च म्हणे. एकदा श्रीपादने हळूच 'आबा' म्हणून पाहिलं, तर तो दचकून इकडे तिकडे बघू लागला.

शेवटच्या दिवशी सकाळी श्रीपाद लवकर आला. दिव्याच्या धगीने पुलाच्या पडद्याचा एक कोपरा करपला होता, तो नीट करायचा होता. पोकळीत एक दिवा लावून तो गुडघ्यांवर बसला होता. बाहेर अजून कुणी आलं नव्हतं. आणि अंधारातून अगदी कानाशी बापाचा आवाज आला.

"राखणदारा, म्या महिपत, रामजीचा पोर. आत चाललोय. मोजून घे, मोजून भाईर धाड." मग थोडं थांबून, हलक्या आवाजात: "आन म्हाराजा, कालच्यावानी आजबी सांगतो. त्यो पगडीवाला रोज आत येतो, त्यो त्र्यंबकबुवाचा न्हाई. माजा हाय. पोपट म्हनत्यात त्याला, महिपतचा पोर. तुला चुकीचं सांगितलंन त्यानं. वंगाळ न्हाई त्यो. लोकांस्नी भ्यालाय. तू राग धरू नगं. त्र्यंबकबुवाचा पोर हुडकत बसशील आन माजा आत राहील. त्याला माज्या नावावर मोजून घे आन सांजच्याला भाईर धाड."

 इतके दिवस त्याला वाटत होतं, बाप दुखावलाय, रागावलाय, म्हणून परक्यासारखा बोलतो. म्हातारा रागावला नव्हताच. तो घाबरला होता. या खाणीत गेलेली सगळीच माणसं बाहेर आली नव्हती, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पोराने चुकीचं नाव सांगितलं, आता पोराला बाहेर कोण आणणार, ही त्याची काळजी. म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन तो रोज पोराच्या वतीने खरं सांगत होता. ज्या बापाचं नाव घ्यायला आपली जीभ वळली नाही, त्याच नावावर आपण रोज संध्याकाळी उजेडात येत होतो. श्रीपाद तोंडावर हात दाबून रडला. लाजेने रडला, आणि आपलं रडणं बाहेर ऐकू जाईल म्हणून तोंड दाबलंय, याचीही लाज वाटून रडला.

महिपत पोकळीत आला. "लवकर आलात रावसाहेब."

"हो," श्रीपाद म्हणाला. "पडदा करपला होता." आणि तो पुन्हा करपलेल्या कोपऱ्याकडे वळला.

उन्हं कलली तेव्हा शेवटची झुंड आली. ठाण्याची पहिल्या दिवसाची बडी मंडळीही समारोपाला आली होती. वकील खुशीत होते. "पहिला मान तुमचा होता, शेवटचाही तुमचाच. होऊन जाऊ दे, श्रीपादराव."

श्रीपादने वहाणा काढल्या. पगडी काढून काखेत धरली. शेंदराच्या दगडावर हात ठेवला.

"राखणदारा, मी पोपट. महिपत पाथरवटाचा पोर. आत चाललोय. मोजून घे, मोजून बाहेर धाड."

 हशा पिकला. पोपट म्हणे. पाठोपाठ टाळ्या. वकील तर डोळे पुसत म्हणाले, "वा श्रीपादराव, सोंग असावं तर असं. पाथरवटाची बोली तेवढी राहिली."

"सोंग नाही, आनंदराव. खरंच सांगतोय."

"हे त्याहून बेश," वकील म्हणाले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

लबाडी एका हसण्यात खपली होती, आणि खरं सांगायला गेला तर लोक हसण्यावारी नेत होते. श्रीपाद तसाच आत गेला, पडद्यांना धडकत, वळणावर ठेचकाळत. महिपत हत्यारं पिशवीत भरत होता. त्याचा चेहरा आनंदला होता.

"लई टाळ्या पडल्या बगा. माजं नाव घ्येतलंत. खेळापुरतं का हुईना, ब्येस केलंत."

"आबा, खेळ नव्हता तो."

म्हाताऱ्याने झटकन खाणीच्या तोंडाच्या दिशेने पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. "हळू बोला रावसाहेब. हितलं तिकडं ऐकू जातंया."

जात होतं खरं. जसं तिकडचं इकडे, तसं इकडचं तिकडे. श्रीपाद बापापुढे खाली बसला, धुळीत, अंगरख्यासकट. त्याने आवाज मुळीच खाली आणला नाही.

"जाऊ दे ऐकू. आबा, तू रोज सकाळी राखणदाराला काय सांगतोस ते मी ऐकलं. मी तुझा पोपट. तुझ्या हातांना घट्टे आहेत म्हणून मला तुझी लाज वाटली. ठाण्यात मी मेलेल्या माणसाला बाप केलं आणि जिवंत बापाला इथे तमाशाला बसवलं. तू मला रावसाहेब म्हणत राहिलास, आणि मी म्हणू दिलं. मला माफ करू नकोस, पण एकदा पोपट म्हण."

खाणीच्या तोंडाशी चाललेला हशा थांबला. इतका थांबला की आत वातीची चरचर ऐकू येऊ लागली.  महिपतच्या चेहऱ्यावरचा आनंद विरून गेला होता, आणि तिथे निव्वळ भीती होती. पोराचं आता कसं होणार, याची.

"असं का केलंत?" तो पुटपुटला. "समदं ब्येस चाललं हुतं तुमचं."

दोघं बाहेर आले तेव्हा मंडळींनी आपोआप वाट करून दिली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी वाईटही बोललं नाही. वकील आपल्या जोड्यांकडे बघत होते. कालपर्यंत ज्यांच्या ओट्यावर श्रीपाद चहा पीत होता, ते गृहस्थ उपरणं सारखं करत राहिले. सुमतीबाईंनी तेवढा महिपतला नमस्कार केला. श्रीपादने बापाच्या खांद्यावरची पिशवी ओढून आपल्या खांद्यावर घेतली आणि मानपाड्याकडे जाणाऱ्या शीळ गावाच्या वाटेला लागला. अजून चांगला उजेड होता. बाजाराहून परतणारी माणसं समोरून येत होती, त्यांत ओळखीचीही होती. श्रीपाद मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत होता. आज बापाला बरोबर घेऊन घरी जायचं, आणि उद्या ठाण्याला आपल्या बिऱ्हाडी आणायचं, असं तो मनाशी ठरवत होता.

बोलायला म्हणून त्याने बाजूला पाहिलं, तर बाजूला कुणी नव्हतं. महिपत बराच मागे होता, रस्त्याच्या कडेने चालत, मान खाली घालून, कुणीतरी अनोळखी वाटसरू असावा तसा. श्रीपाद थांबला. म्हाताराही थांबला.

"आबा, ये ना. बरोबर चल."

"तुमी व्हा फुडं," महिपत म्हणाला. "मान्सं बगत्यात. म्या येतो मागनं."

श्रीपादने हाक मारून पाहिली, परत मागे येऊन पाहिलं. हा दोन पावलं मागे आला की तो दोन पावलं मागे सरे. इतक्या वर्षांत एकदाही 'लांब राहा' असं श्रीपादने बापाला तोंडाने सांगितलं नव्हतं. आता 'जवळ ये' म्हणून सांगत होता, तर म्हाताऱ्याला ते जमत नव्हतं. शेवटी श्रीपाद रडत रडत पुढे चालू लागला. तो हळू चालला की महिपत त्याहून हळू चाले, आणि मानपाडा येईपर्यंत दोघांमधलं अंतर काही कमी झालं नाही.